तुझ्या डब्याच्या दिवशी आमचे उपवास

जमना, काल दवाखान्यात तुझी शोकसभा झाली. तू नव्हतीस ते बरंच झालं बाई. असतीस तर हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबून मागच्या दाराने सटकली असतीस, आणि सगळी भाषणं मला एकटीला ऐकावी लागली असती. तशी ती ऐकावी लागलीच.

ओपीडीच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो ठेवला होता. ओळखपत्रासाठी काढलेला, तोच. त्यात तू फोटोवाल्यावर चिडल्यासारखी दिसतेस, आणि चिडलीच होतीस, मला चांगलं आठवतं. झेंडूचा हार फोटोपेक्षा मोठा आणलेला, तो सारखा घसरत होता. आपली वॉर्डातली लीलाबाई दर पाच मिनिटांनी उठायची, हार वर करायची, डोळे पुसायची आणि परत जाऊन बसायची. मग अधीक्षक साहेब उठले. नवीन आहेत ते, दीड वर्षच झालं, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "पावरा सिस्टर इतक्या टापटिपीच्या, इतकं शुद्ध मराठी बोलायच्या, की त्या आदिवासी आहेत असं कुणाला वाटायचंच नाही." लोकांनी माना हलवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून काहीतरी बोलणार होते, आणि तेवढ्यात आठवलं की हेच वाक्य मी तुला आपल्या पहिल्या वर्षी म्हणाले होते. कौतुक म्हणून म्हणाले होते. तू सिरिंज मोजत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मग काय वाटते मी?" मी चहा आणायला निघून गेले.

माझं तुझ्याशी एक बोलणं राहिलंय, जमना. अठरा वर्षं राहिलंय. तुलाही माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, आणि आपण दोघी त्याच्या कडेकडेने चालत राहिलो. आज ते बोलायचंच असं ठरवून बसलेय. पण मी थेट मुद्द्यावर येणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा थोडं इकडचं तिकडचं ऐकून घे.

तुला तो कपडे बदलायच्या खोलीतला पंखा आठवतो? दोनच पाती होती त्याला. त्याच्याखाली सतरंजी टाकून आपण दुपारी डबे खायचो. तू, मी, पाटील सिस्टर आणि ती भुसावळकडची सोनवणे, जी नंतर बदलून गेली. पद्धत अशी की भाकरी ज्याची त्याने खायची आणि भाज्या मधे ठेवायच्या. माझी शेवभाजी असली की तुम्ही डबा पुसून द्यायच्या. हिवाळ्यात भरीत आणलं की पाटील सिस्टर आधी जागा धरून बसायची. तुझा डबा उघडला की मात्र आम्हाला उपवास आठवायचे. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा. बुधवारी पित्त. कुणी तुला नको म्हटलं नाही, तोंड वाकडं केलं नाही, "अगं बाई, आज नेमका माझा उपवास" एवढंच. आणि गोड हसायचं. मीही हसायचे. खरं सांगते, तेव्हा मला ते कळतही नव्हतं. मला खरंच वाटायचं की माझा उपवास आहे.

तुला पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. तरी तू भाजी मधे ठेवायचीस. रोज. एकदा म्हणालीस, "माझ्या भाजीनं तुम्हाला किती पुण्य लागून राहिलं ना." आम्ही सगळ्या हसलो. केवढ्या मोठ्याने हसलो आम्ही! आता आठवलं की कानशिलं तापतात.

तर आता ते राहिलेलं. माझं ते वाक्य.

इन्चार्ज सिस्टरची जागा रिकामी झाली आणि तुझी ऑर्डर आली. तू माझ्याआधी सात महिने रुजू झालेली. सेवाज्येष्ठतेच्या यादीत तुझं नाव माझ्यावर होतं आणि ती यादी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यात कोट्याचा काही संबंध नव्हता. मला माहीत होतं. तरी त्या दुपारी कपडे बदलायच्या खोलीत मी पाटील सिस्टरला म्हणाले, "आपण मर मर मरायचं आणि खुर्ची कोट्यातल्यांनी न्यायची. पुढच्या जन्मी पाड्यावरच जन्म घ्यावा म्हणते मी." पाटील सिस्टर फिस्सकन हसली. पडद्यामागून तू बाहेर आलीस, साडीच्या निऱ्या नीट करत. बेसिनवर हात धुतलेस. साबण लावून, बोटांच्या फटीत घासून, ऑपरेशनला जाताना धुवावेत तसे. मग म्हणालीस, "शैला, चार नंबरची सलाईन संपत आली." आणि गेलीस.

मी चार नंबरची सलाईन बदलायला गेले. बाटलीचं झाकण दोनदा खाली पाडलं. त्या म्हातारीने मला विचारलं, "काय व्हयनं वं बाई?" मी म्हटलं, काही नाही.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. मी भांडखोर घरातली, आमच्याकडे सकाळी भांडतात आणि दुपारी एका ताटात जेवतात. तू भांडली नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन सतरंजीवर त्याच जागी बसलीस. डबा उघडलास. अंबाडीची भाजी होती. मधे ठेवलीस. शुक्रवार होता, पाटील सिस्टर म्हणाली, "अगं बाई, माझा आज," आणि मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मी हात पुढे केला आणि भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेतली. खाल्ली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

"रोजच असतं," तू म्हणालीस. "तुला आज कळलं."

जमना, माझं शिक्षण तिथून सुरू झालं म्हण. तेव्हा मी त्याला शिक्षण म्हणत नव्हते, मला फक्त तुझ्याशी चांगलं वागायचं होतं, आणि ते कसं करायचं ते मला येत नव्हतं. मग मी माझ्या अकलेप्रमाणे सुरू केलं. तुला विचारायला लागले. तुमच्यात लग्न कसं करतात गं? तुमच्यात बाळाचं नाव कोण ठेवतं? तुमच्या बायका डोळ्यात डोळे घालून का बोलत नाहीत? तुमच्यात, तुमच्यात, तुमच्यात. तू महिनाभर उत्तरं दिलीस. एक दिवस ड्रेसिंगचा ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालीस, "शैला, मी सिस्टर आहे. तुझं पुस्तक नाही."

मला राग आला. म्हटलं, मी मेली शिकायला बघतेय आणि हिचा तोरा बघा.

तू म्हणालीस, "मला कोणी शिकवलं? तुमच्या कोणत्या वाराला काय चालत नाही ते पाठ आहे मला. वाटीला कुठून धरायचं, कोणाकडे बसायचं, कोणाकडे उभं राहायचं, कुठं पाणी मागायचं नाही. घे परीक्षा. बघून बघून शिकले मी. तुला शिकायचं तर तू बी बघ ना."

मी त्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही. संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "बरोबर बोलली ती." मग त्याच्याशीही बोलले नाही.

पण बघायला लागले. दुसरं करणार काय? आणि बघायला लागल्यावर पहिली कोण सापडली तर मीच. ती गोळ्यांची बाई आठवते? केळी कापणाऱ्या टोळीतली, पायाला जखम पिकलेली. मी तिला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बोटं दाखवून सांगितलं, जेवण झाल्यावर, दिवसातून तीनदा. सहाव्या दिवशी ती आली तर जखम तशीच आणि पुडीत पाच गोळ्या शिल्लक. मी असली झापली तिला. ओपीडीतली सगळी माणसं बघत होती. तू बाजूने जाताना फक्त एवढं म्हणालीस, "ती किती वेळा जेवते ते विचारलंस का?" आणि थांबलीही नाहीस.

दोनदा जेवायची ती. कामावर जायच्या आधी आणि कामावरून आल्यावर. मी सांगितलं तसंच, जेवण झालं की एक, असं तिने अगदी चोख केलं होतं. आणि मला लाज कशाची वाटली सांगू? मी केळीच्या बागेत वाढले. आमच्या आबांच्या बागेत घड वाहणारी ही माणसं मी परकरात होते तेव्हापासून पाहिली. ती दुपारी जेवत नाहीत, केळीच्या सावलीत नुसती टेकतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि दिसलं नव्हतं.

मग मी माझा माझा अभ्यास काढला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पाटील सिस्टरने जगू दिलं नसतं. आधी "ए बाई" बंद केलं आणि केसपेपरवरचं नाव वाचून हाक मारायला लागले. मग मंगळवारच्या बाजारात भाजी घेताना पावरी बायकांजवळ टेकायला लागले. त्यांच्याकडून बोलायला शिकले, म्हणजे त्या हसल्या की कळायचं आपण काहीतरी भलतंच बोललो. वॉर्डात मी माझी मोडकी पावरी झाडायची आणि तू टेबलावर लिहिता लिहिता नुसतं "तसं नाही" म्हणायचीस. मग कसं, ते सांगायची नाहीस. मी परत बाजारात जायचे. पहिल्यांदा एका बाळंतिणीला मी तिच्या बोलीत "घाबरू नको, मी आहे" म्हटलं आणि तिने माझा हात धरला, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू "तसं नाही" म्हणाली नाहीस. मी घरी जाताना पाव किलो जिलेबी घेतली होती, आता सांगते.

भरताच्या पार्टीचा दिवस मी विसरले असते तर किती बरं झालं असतं, आणि विसरले नाही हेही किती बरं. डिसेंबर होता. आबांच्या मळ्यात सगळ्या स्टाफला बोलावलं होतं. कापसाच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी पांढुरकी वांगी, लाकडी बडगीत मिरच्या लसूण ठेचल्याचा तो ठसका. आबा खाटेवर बसून एकेकाची चौकशी करत होते. त्यांच्या चौकशीचा अर्थ काय तो आपल्या सगळ्यांना माहीत. तुला म्हणाले, "तुम्ही कोनाच्या वो बाई?" तू म्हणालीस, "सरकारच्या, आबा." आबांना इतका वेळ लागला हसायला, की मला वाटलं संपलं आता. पण हसले. "पोरगी हुशार आहे," म्हणाले.

मग तू दिसेनाशी झालीस. शोधत आले तर तू गोठ्याच्या मागे, मजूर बायकांच्यात, मातीत मांडी घालून बसलेली. त्यांच्याशी बोलताना तुझा आवाजच निराळा होता. मोठा. तू इतक्या मोठ्याने हसतेस हे मला दहा वर्षांत माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, तिकडे सगळे थांबलेत, इथे कुठे बसलीस?" तू म्हणालीस, "इथं बी भरीतच आहे." आणि उठून गोठ्याच्या कोनाड्यातला ग्लास घेतलास, मजुरांसाठी आमच्याकडे वेगळा ठेवलेला, पोचे आलेला तो ग्लास, माठात बुडवलास आणि माझ्यासमोर घटाघटा पाणी प्यायलीस. माझ्याकडे बघत. तो कोनाडा मी जन्मापासून पाहत होते बाई.

तू गेल्यावर मी आबांशी भांडले. आबा म्हणाले, "ते पहिल्यापासून आहे, त्याचं काय एवढं." मी तो ग्लास उचलून घरातल्या मांडणीत नेऊन ठेवला. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर आबाच एकदा त्यातून पाणी पिताना दिसले. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

नाही, सगळं असं जड नव्हतं गं. त्या ऑनलाइन प्रशिक्षणाला आपण किती हसलो! सगळ्या स्टाफला सक्तीचं, आदिवासी रुग्णांशी कसं वागावं यावर, मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि शेवटी प्रश्न सोडवायचे. निम्म्या लोकांचं आपल्या ऑपरेटरनेच सोडवून टाकलं. मी नीट बसून सोडवलं, मला शंभर पैकी शंभर. तू नापास. प्रश्न होता, आदिवासी रुग्ण दवाखान्यात उशिरा का येतात? पर्याय होते अंधश्रद्धा, अशिक्षितपणा, भगतावर विश्वास, वरील सर्व. तू एकही निवडला नाहीस. खाली रिकाम्या जागेत टाईप केलंस, "आल्यावर कसं बोलतात ते त्यांना माहीत आहे म्हणून." मशीनने शून्य दिलं. आदिवासींच्या विषयात नापास झालेली आख्ख्या दवाखान्यातली एकमेव आदिवासी! तू तीनदा परत दिलीस आणि तीनदा तेच लिहिलंस. शेवटी ऑपरेटरने हात जोडले आणि तुला पास केलं. माझं सर्टिफिकेट मी भिंतीवर लावणार होते, तू म्हणालीस, "लाव ना, छान दिसेल." मग नाही लावलं.

इन्चार्ज म्हणून तू वॉर्डाची रीतच बदललीस, हे कुठल्या भाषणात आलं नाही. बाळंतपणाच्या वेळी बाईची सासू किंवा आई सोबत राहू दिलीस. मी इन्फेक्शन इन्फेक्शन करत तुझ्याशी भांडले होते. तू त्या म्हातारीला हात धुवायला शिकवलंस, गाऊन घातलास आणि उभी केलीस. पळून जाणाऱ्या बाया थांबायला लागल्या. मी कधी म्हटलं नाही की तुझं बरोबर होतं. आज म्हणते.

आता त्या धुळ्याच्या बसचं. रोशनीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला आपण तिघी निघालो होतो. तुझी लेक खिडकीशी, तू मधे, मी कडेला. पारोळ्याच्या पुढे ती झोपली. मी म्हटलं, "तू तेव्हाच मला नीट शिकवलं असतंस, तर माझी दहा वर्षं वाचली असती." तू म्हणालीस, "आणि माझी गेली असती." मी म्हटलं, मैत्रिणीला शिकवायला काय जातं? तू म्हणालीस, "जातं. तुला नाही कळणार किती जातं." आपलं ते भांडण तिथेच राहिलं. मला अजून वाटतं तू थोडं शिकवायला हवं होतंस, आणि अजून वाटतं की तुझं बरोबर होतं. दोन्ही वाटतं. काय करू.

आणि मग मी धीर केला. म्हटलं, "जमना, त्या दिवशी पडद्यामागे..." तू पिशवीतून शेंगांची पुडी काढलीस आणि म्हणालीस, "शेंगा घे." मी शेंगा घेतल्या. धुळ्यापर्यंत आपण शेंगा फोडत होतो आणि मी मनात म्हणत होते, तिला ऐकायचं नाही की तिने मला माफ केलं? तीन वर्षं हाच विचार करतेय.

जळगावच्या दवाखान्यात तुला भेटायला आले तो शनिवार होता. कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता, तुला काही खाता येणार नाही हे मला सिस्टर असून कळायला हवं होतं, पण रिकाम्या हाताने यायचं कसं. रोशनीचे बाबा, दाजी, चहाला खाली गेले. खोलीत आपण दोघीच होतो. आत्ता, मी मनात म्हटलं, आत्ता बोल शैला. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "पुढच्या आठवड्याचा ड्युटी चार्ट कोणी लावला?" मी सांगितलं. तू म्हणालीस, त्या नव्या पोरीला सलग तीन नाइट देऊ नको. मी हो म्हटलं. दाजी चहा घेऊन आले. मंगळवारी सुट्टी घेऊन परत येते, तेव्हा बोलू, असं मनाशी म्हणून मी निघाले. सोमवारी सकाळी रोशनीचा फोन आला.

मी इतकी मोठी बाई, अर्धं आयुष्य माणसं जाताना बघितलेली. मंगळवारचा भरवसा धरून निघाले. स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

तुला पोचवायला तुझ्या पाड्यावर आले होते. काय करतात, कुठे बसायचं, काही माहीत नव्हतं. कुणाला विचारलं नाही. बायका बसल्या तिथे बसले, त्या उठल्या तेव्हा उठले, त्या रडल्या तेव्हा तर मला बघून शिकायची गरजच नव्हती.

तर काल. साहेबांचं ते वाक्य झालं, माना हलून झाल्या. पुढच्या रांगेत रोशनी बसली होती. तुझ्या सेवापुस्तकाच्या कामाला धुळ्याहून आलेली. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं, मी रडेन म्हणून घातलं नव्हतं. मी उठले. म्हटलं, "साहेब, त्या आदिवासी आहेत असं आम्हाला रोज वाटायचं. रोज. म्हणून तर तिचा डबा उघडला की आमचे उपवास असायचे." पाटील सिस्टरने मान खाली घातली. मग मी ते वाक्य म्हटलं. जसंच्या तसं, कोट्यातल्यांपासून पाड्यावरच्या जन्मापर्यंत. सेवाज्येष्ठतेची यादी मी पाहिली होती हेही सांगितलं. म्हटलं, ती पडद्यामागे होती. आणि मी तिला कधीच काही म्हणाले नाही. एवढं बोलून बसले. लीलाबाई मागून म्हणाली, "खरं शे ते. आम्हीन बठ्ठास्नी आयकेल शे." म्हणजे तेव्हाच ते सगळ्यांच्या कानावर गेलं होतं.

सभा संपल्यावर रोशनी मला बाहेर गाठायला आली. अगदी तुझ्यासारखी चालते गं. म्हणाली, "ती तू होतीस?"

मला कळेना.

म्हणाली, "शाळेत, कॉलेजात, मला कोट्यावरून कोणी काही बोललं की मी रडत घरी यायचे. आई मला हेच वाक्य सांगायची. म्हणायची, मला पण एकीनं म्हटलेलं. मी विचारायचे, कोण ती? नाव सांग. कधी सांगितलं नाही तिने. मी किती शिव्या घातल्यात त्या बाईला, मावशी. आणि सुट्टीत तुझ्याकडेच राहायला यायचे."

मी पायरीवर टेकले, परत उभी राहिले.

"एकदा मी हट्टच धरला," ती म्हणाली. "म्हटलं, ती अजून आहे का तुझ्या दवाखान्यात? आई म्हणाली, आहे. म्हटलं, मग तू तिच्याशी बोलतेस कशी? तर म्हणाली, शिकून राहिली ती. शिकू दे."

जमना.

मग ती म्हणाली, "मला वेळ लागेल, मावशी." मी हो म्हटलं. ती स्टँडकडे गेली. नेहमी जाताना गळ्यात पडते, काल पडली नाही. मी फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले.

रात्रभर विचार करतेय की मी हे का केलं. तू इतकी वर्षं माझं नाव स्वतःच्या लेकीपासून झाकून ठेवलंस, आणि मी चार माणसांत उभी राहून ते उघडं केलं. मी तुझ्यासाठी बोलले की माझ्या पोटातलं ओझं उतरवायला बोलले, मला सांगता येत नाही. तुझ्या लेकीला मात्र त्याचा फटका बसला. ती मला उद्या मावशी म्हणेल की नाही, मला माहीत नाही. तिचा फोन आलेला नाही. मी करणार नाही. तिला हवा तेवढा वेळ तिने घ्यावा, तिच्या मागे लागायचा मला काय अधिकार?

आणि मी मूर्ख, तीन वर्षं त्या शेंगांचा अर्थ लावत बसले. तू मला माफ केलं नव्हतंस, झिडकारलंही नव्हतंस. तू वाट बघत होतीस, मी तोंड उघडून पुरतं वाक्य म्हणेन म्हणून. शेंगा हातात घेऊनही ते म्हणता आलं असतं.

चुकले मी, जमना. खुर्ची तुझी होती, मला माहीत होतं, आणि मी मुद्दाम तसं बोलले. चुकले गं. एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढं माझ्या तोंडून निघायला तुला जावं लागलं.